डबा बुडवला

माझं लुगडं मागून भिजलं होतं आणि मुकादम हसत होता.

वणीच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, रेच्याच्या यंत्रावर कापूस घालायचं काम माझं. सरकी एकीकडे, रुई एकीकडे. माझ्या पोटात मात्र सगळं एकत्र. आव, रक्त, कळा. कळ उठली की थांबता येत नाही. जिनाच्या भिंतीमागं झुडपं होती, बायका तिथं जायच्या. जाताना डब्यात पाणी लागतं. पाणी हौदात. आणि आमच्या लोकांनी हौदाला हात लावायचा नाही. खाली डबा धरून उभं राहायचं, वरून कुणीतरी ओतायचं. धडधाकट बाईचं एकदा उभं राहून भागतं. मी दिवसभर तिथंच. ओतणाऱ्या बायका वैतागल्या. त्या दिवशी मी डबा धरून उभी राहिले आणि कुणी आलंच नाही.

मुकादम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "तुमी देव सोडले, म्हणून हगवनीच्या झाड्यानं तुले धरलं. मरीमाय सोडते काय? गेटापाशी तिच्या ठाण्यावर नारय फोड, चुकली म्हण. मंग तुया डब्यात पानी ओताले मी बाई लावून देतो."

बायका खिदळल्या. मला तेव्हा जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं.

दीक्षा घेतली त्या साली सासूनं घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले होते. हे दुखणं त्यानंतरचं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, "बाई, आतड्याला आतून जखमा आहेत. भरतील, पुन्हा उठतील. हे जन्माचं आहे." कुणाच्या कोपाचं तो काही बोलला नाही. पण जन्माचं म्हटलं की माणूस कुठलाही धोंडा पुजायला तयार होतो. नारळ सासूनंच आणून दिला. "फोड अन् मोकयी हो, पोरी. कोन पाह्यते?"

सगळेच पाहत होते. दुसऱ्या दिवशी काम सुटताना अख्खं जिन ठाण्याशी जमलं. मी नारळ उचलला आणि तेवढ्यात कळ आली. तीच, मुरडून टाकणारी. मी डबा घ्यायला वळले.

मुकादम ओरडला, "आधी चुकली म्हण, मंग जाय!"

माझं काय चुकलं होतं? आतडं माझं सोललं गेलं, त्यात मी चुकले? पाणी तुम्ही अडवायचं आणि माफी मी मागायची? माझं डोकं फिरलं. नारळ काखेत मारला, तडक हौदाशी गेले आणि डबा आत बुडवला. कोपरापर्यंत हात गेला. पाणी गार होतं. मागं "बाटवला, बाटवला" असा गिल्ला झाला. मला ऐकायला वेळ नव्हता.

परत आले तर मुकादम वाटेतच उभा. "उद्या कामावर येऊ नको."

"येईन," मी म्हटलं. "मले दिवसभर पानी लागते."

नारळाची सासूनं चटणी केली. मला ती पचत नाही.

हे दुखणं जात नाही. अजून रक्त पडतं. अजून भाकरीकडे पाहून धास्ती वाटते, चिडते, रडते. बुद्धाला शरण गेले म्हणून आतडं ऐकत नाही, आणि मरीमायचंही त्यानं ऐकलं नसतं. ते माझं आहे, मी सोसेन. तुमचा विटाळ सोसणार नाही. वरून ओतलेलं पाणी आता नको.

दुसऱ्या दिवशी मी जिनात गेले. डबा घेऊन गेले.