मनूची उंची

सुट्टीत थीम पार्कला जायचं ठरल्यापासून नवऱ्याने घरात नुसता उच्छाद मांडलाय. आज सकाळी त्याने आमच्या दोन वर्षांच्या मनूला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं आणि तिच्या डोक्यावर पट्टी धरली. कितीही ताणलं तरी एकाही मोठ्या राइडमध्ये बसण्याइतकी तिची उंची भरेना.

“अरे, मिक्सर लावला तरी ती घाबरून माझ्या कुशीत शिरते. कुणासाठी चाललाय हा आटापिटा?” मी वैतागून विचारलं.

“मुलांना आठवणी द्यायच्या असतात गं.”

कसल्या आठवणी? दोन वर्षांची असतानाचं मला तरी काही आठवत नाही. मनूचा सगळा आनंद सध्या कपड्यांच्या चिमट्यांच्या डब्यात मावतो. आपणच मुलांच्या नावाने मोठमोठे बेत आखतो, आणि त्यांची उंची कमी पडली की आपणच हिरमुसतो.

तेवढ्यात मनूने पट्टी हिसकावली. “आता बाबा!” म्हणत ती त्याच्या गुडघ्याला लावली. नवऱ्याने निमूटपणे टाचा चौकटीला टेकवल्या, मान ताठ केली आणि चक्क श्वास रोखून धरला.

पार्कात न्यायलाच हवं असं एक मूल आमच्या घरात आहे, हे मला तेव्हा पटलं.