समुद्रावरचा दिवा

राजशेखरच्या गोठ्यात चार म्हशी आणि बैठकीच्या खोलीत, काचेच्या टाकीत, हातभर समुद्र. कोल्हापुरात असं घर दुसरं नसावं. त्यात वाढवायचं प्रवाळ उजेडावर जगतं, म्हणून टाकीच्या दुकानदारानं दोन दिवे दाखवले. राजशेखरनं मोठा उचलला. घ्यायचं ते दणकट, हा त्याचा स्वभाव.

दुसऱ्या दिवशी त्याचं नवं हिरवं प्रवाळ मिटलं. मग फिकं पडू लागलं. राजशेखरला जेवण जाईना. शेवटी तो दिवा काढून पिशवीत भरू लागला.

"कुठं निघालासा?" त्याच्या बायकोनं, विद्याश्रीनं विचारलं.

"बदलून आणतो. बारकाच बरा हुता."

"नवी म्हस आणली की पहिल्याच दिवशी पाटीभर पेंड घालतासा व्हय?"

"न्हाय. पोट बिघडंल की तिचं."

"मग ह्याच्यावर एकदम एवढं ऊन कशाला? हाय तोच दिवा कमी करा की."

राजशेखरनं दिवा पिशवीतून काढून उंच टांगला, उजेड अगदी मंद केला. मग पेंड वाढवावी तसा तो रोज थोडा थोडा वाढवत गेला. महिन्याभरात प्रवाळ पुन्हा हिरवं झालं, त्याचे गोंडे पाण्यात डोलू लागले.

राजशेखर टाकीसमोरून हलेना.

"आता धार कधी काढायची?" विद्याश्रीनं विचारलं.