मनोरीला नेलेला ताप

शुक्रवारी दुपारीच माझा घसा बसला होता, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मी मुळातच कमी बोलते. बडबड्या बाईचा आवाज बसला की साऱ्या कारखान्याला कळतं. माझा बसला काय, न बसला काय. संध्याकाळी कांदिवलीला घरी आले तेव्हा पाठ मोडून आली होती आणि डोळे जळत होते. तरी मी कपाळाला हात लावून बघितला नाही. शनिवारी सकाळी मनोरीला जायचं होतं. ताप आहे हे माझं मलाच कळलं असतं तर पाय मागे ओढला असता.

अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बॉलपेनं जोडायच्या कारखान्यात मी कामाला होते. ह्यांची गिरणी बंद पडली, मग ह्यांना वॉचमनची नोकरी लागली, पण तेवढ्यात घर भागेना, म्हणून मी बाहेर पडले. नळीत रिफिल घालायची, स्प्रिंग घालायची, टोपण फिरवायचं, पेन ट्रेमध्ये टाकायचं. जेवढी पेनं तेवढे पैसे. माझ्या बाकावर दोघी होत्या, त्यांच्याशीच काय ते माझं पटायचं. एक वर्सोव्याची कोळीण, माझ्याच वयाची, हसली की तिसऱ्या गाळ्यात ऐकू जायचं. दुसरी जोगेश्वरीची, आम्हां दोघींपेक्षा मोठी, तिला आम्ही ताई म्हणायचो. ताईचा शब्द सुपरवायझरसुद्धा खाली पडू द्यायचा नाही.

शेठच्या मुलीचं लग्न निघालं आणि शनिवारी कारखाना बंद राहणार असं कळलं. लगेच कोळीण म्हणाली, "माझ्या आत्याकडे मनोरीला चला. दोन दिवस नुसतं खायचं आणि लोळायचं."

ताई हो म्हणाली. मीही हो म्हणाले. दोघी माझ्याकडे बघतच राहिल्या.

घरी विचारायला मला चार दिवस लागले. लग्न झाल्यापासून मी गावाला गेले होते, बाळंतपणाला गेले होते, लग्नकार्यांना आणि मयताला गेले होते. मला जावंसं वाटलं म्हणून कुठे गेले असं एकदाही झालं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "दोन दिस मैत्रिणींबरोबर रवाक? घरदार न्हय?" हे ड्युटीवर निघून गेले. शेवटी ताई स्वतः आमच्या खोलीवर आली, चहा प्याली आणि ह्यांना म्हणाली, "भावोजी, जशी नेते तशी आणून सोडते. माझी जबाबदारी." तेव्हा हे म्हणाले, "जाऊ दे. पण काय कमीजास्त झाला तर परत नाव काढूचा नाय." ते माझ्याकडे बघून बोलले.

म्हणून त्या शनिवारी मला ताप यायचा नव्हता. आलाच होता तर तो दिसायचा नव्हता. अर्ध्या वाटेवरून परत आले असते तर ते पहिलं आणि शेवटचं जाणं ठरलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पहाटे उठून मी दोन दिवसांचं आवरलं. भाकऱ्या थापल्या, वालाची उसळ करून ठेवली, पोरांचे कपडे काढून ठेवले. भाकरी थापताना तव्याची धग अंगाला बरी वाटत होती, यावरून काय ते समजायला हवं होतं. तापाची एक गोळी गिळली, ब्लाऊजवर ह्यांचं जुनं स्वेटर घातलं आणि वरून पदर लपेटून घेतला. मालाडला दोघी भेटल्या. मार्व्याच्या बसमध्ये कोळीण खिडकीशी बसून सारखी बोलत होती, ताई तिला उत्तरं देत होती, आणि मी नेहमीसारखी मान हलवत होते. सगळं ठीक चाललं होतं.

मार्व्याला खाडीवर वारा झोंबत होता. मनोरीला जाणारी होडी लागलेली होती. फळीवर कोळीण बसली, तिच्या शेजारी ताई बसली. मी गेले आणि दोघींना जरा सरकायला लावून त्यांच्या मध्ये बसले. मला वाऱ्यापासून आडोसा हवा होता, बाकी काही मनात नव्हतं.

ताईने माझ्याकडे वळून बघितलं. "मध्ये का बसलीस?"

आता हे सांगायला हवं. आमच्या बाकावर एक रीत होती. कोणाचं अंग दुखत असेल, कोणाला ताप असेल, तर तिने मध्ये बसायचं. सुट्टी घेतली तर दिवस बुडायचा आणि पेनं कमी पडली तर सुपरवायझर ओरडायचा. म्हणून आजारी बाई मध्ये बसून नुसते हात हलवायची, आणि दोन्ही बाजूच्या बायका आपल्यातली थोडी थोडी पेनं तिच्या ट्रेमध्ये सरकवायच्या. सुपरवायझरला हे कधी कळलं नाही. मी नेहमी कडेला बसायचे. इतक्या वर्षांत मी एकदाही मध्ये बसले नव्हते. आणि बसले ती नेमकी होडीत.

"तुला बरं नाहीये," ताई म्हणाली.

मी मान हलवली. नाही, बरी आहे, अशा अर्थाने. तिने माझं मनगट धरलं. "अगं बाई. भाजतंय की."

कोळणीने माझ्या गळ्याला हात लावला. "ए, ही तर तापलीये. आणि स्वेटर बघ. मला वाटलं थंडीचं घातलंय."

"उठ," ताई म्हणाली. "होडी सुटायच्या आत उठ. मी तुला घरी पोचवते."

"नाही," मी म्हणाले.

माझा आवाज फाटका आला. दोघींनी तो तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला.

"नाही काय? तुझ्या नवऱ्याला मी शब्द दिलाय. उद्या तुला काही झालं तर तो मला विचारेल. उठ."

"मी उठणार नाही, ताई. तुम्हांला जायचं तर तुम्ही जा. मी हिच्या आत्याकडे जाणार."

"आत्याला तू ओळखतेस तरी का?"

"नाही. पण जाणार."

होडीवाला दोर सोडायचा थांबला होता. तो म्हणाला, "बायांनो, काय तं ठरवा. पानी उतरतंय."

"सोड रे," कोळीण म्हणाली. मग ताईला म्हणाली, "घरी नेऊन काय करणार आहेस? घरी गेली की ही चुलीपुढे बसणार. माझ्या आत्याकडे निदान झोपेल तरी."

"तू गप. तुझं काय जातंय."

होडी सुटली. ताई दोन्ही हात मांडीवर ठेवून पाण्याकडे बघत बसली. पण माझ्या बाजूचा वारा तिने आपल्या पाठीने अडवला होता, हेही मी बघत होते.

आत्याचं घर कोळीवाड्यात होतं. पुढे बांबूंवर बोंबील वाळत टाकलेले, मागे विहीर. आत्या थोराड बाई, पातळाचा काष्टा मारलेला, आवाज भाचीसारखाच. तिने मला पायऱ्या चढतानाच बघितलं. "ही आजारी हाय," असं म्हणून तिने पडवीतल्या खाटेवरची जाळी उचलली, गोधडी अंथरली आणि मला तिथे लोटलंच. नाव-गाव नंतर विचारलं.

मी पडले, पण मला पडून राहता येईना. परक्या घरी भरदिवसा बाई खाटेवर आडवी, हे अंगाला सोसत नव्हतं. आत्या समोर बसून सुपात जवळा, ती बारीक सुकी कोळंबी, निवडत होती. मी उठले आणि तिच्या शेजारी बसून जवळ्यातला केरकचरा वेचायला लागले.

आत्याने सूप माझ्या हातातून काढून घेतलं. "तू हितं कामाला आलीस का पावनी?"

"तसंच बसवत नाही हो, आत्या."

"मंग झोप. बसाला कोन सांगतंय?"

कोळीण आतून हसली. ताई हसली नाही. पण तिनेच येऊन माझ्या अंगावर दुसरी गोधडी टाकली आणि चारी बाजूंनी खोचली, लहान पोराची खोचतात तशी. त्यानंतर मला उठणं जमलंच नसतं.

मी झोपले. किती वेळ ते माहीत नाही. मध्येच जाग यायची तेव्हा कोणाचं तरी बोलणं कानावर यायचं, भांड्याचा आवाज यायचा, ओल्या जाळ्याचा वास यायचा, आणि प्रत्येक वेळी मला दचकायला व्हायचं की दूध उतू जातंय. मग आठवायचं, हे माझं दूध नाही. उतू गेलं तर ज्याचं त्याने बघावं. घरी मी आजारी पडायचे तेव्हा ताप एकीकडे आणि स्वयंपाक एकीकडे, दोन्ही अंगावरच काढायचे. ताप आल्यावर नुसतं तापात पडून राहायचं असतं हे मला त्या खाटेवर कळलं. मला ते फार आवडलं. आजारपण आवडलं असं म्हणणं बरं दिसत नाही, पण हे कोणाला वाचून दाखवायचं नाहीये, म्हणून लिहिते.

दुपारी आत्याने चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा रस्सा दिला, मिरी घालून, लाल आणि पातळ. पहिल्या घोटाला नाकातून, डोळ्यांतून पाणी आलं. ताई समोर बसून मी संपवते की नाही ते बघत होती.

"अजून रागावलात?" मी विचारलं.

"मी कशाला रागवू? मी कोण तुझी?"

"ताई."

"तू मला आधी सांगायला हवं होतंस. मालाडला सांगितलं असतंस तर..."

"तर तुम्ही मला घरी नेलं असतंत."

ताई म्हणाली, "नेलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

कोळीण दारातून म्हणाली, "बघ, तोंड फुटलं हिला. ताप उतरला की परत मुकी होईल, आत्ताच काय विचारायचं ते विचारून घे."

ताईला हसू आवरेना. तिने माझ्या हातातला वाडगा घेतला, तळाशी राहिलेला रस्सा स्वतः पिऊन टाकला आणि म्हणाली, "घशात आग लागली. हिला आजारी पडायला काय जातंय, असला रस्सा मिळाला तर मीही पडेन." त्यानंतर तिघी पडवीत लोळत राहिलो. त्या दोघी पत्ते खेळल्या, मी नुसती बघत होते. कोळीण पानं लपवत होती. मी ताईला सांगितलं. कोळीण म्हणाली, "अगं ए, फितूर. माझ्याच आत्याची गोधडी पांघरून मलाच दगा देतेस?"

रविवारी सकाळी ताप उतरला होता, पण पायांत जोर नव्हता. त्या दोघी समुद्रावर निघाल्या. मीही चादर लपेटून निघाले. ताई म्हणाली, "तू इथेच पड." मी म्हणाले, "हळूहळू येते." वाटेत दोनदा बसले. ताई दोन्ही वेळा पुढे न जाता थांबली, पण हात द्यायला आली नाही. मला ते बरं वाटलं.

किनाऱ्यावर मी वाळूत बसले. त्या दोघी पातळं वर खोचून पाण्यात शिरल्या. ताई, जिला सुपरवायझर वचकून असायचा, ती लाट आली की कोळणीच्या पाठीमागे लपत होती. मी पाण्यात पाय घातले नाहीत. मला घालायचेही नव्हते. उन्हात चादर पांघरून, काही न करता, मी बसले होते आणि कोणी मला हाक मारत नव्हतं.

निघताना आत्याने होळीनंतर परत या म्हणून सांगितलं. परत येताना होडीत ताई म्हणाली, "ऐक. घरी तापाचं बोलू नकोस. मीही नाही बोलणार. चेहरा उतरलाय तो उन्हाने म्हणून सांगू. नाहीतर तुझं पुन्हा येणं बंद."

कोळीण म्हणाली, "बरोबर. उन्हानेच."

मी बसमध्ये, मग स्टेशनवर, मग खोलीचा जिना चढेपर्यंत त्याचाच विचार करत होते. खोटं बोलून पुन्हा एकदा जाता आलं असतं. मग त्यानंतर पुन्हा एकदा खोटं. दरवेळी आधी धडधाकट व्हायचं, नाहीतर तसं दाखवायचं. मला ते नको वाटलं.

हे दारातच उभे होते. ताईने माझी पिशवी खाली ठेवली. ह्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तोंड असा कित्याक झाला?"

ताईने तोंड उघडलं, पण मी आधी बोलले. "ताप होतो. शुक्रवारपासून."

आतून सासूबाई बाहेर आल्या. ताई माझ्याकडे बघत राहिली.

"शुक्रवारपासून?" हे म्हणाले. "मगे गेलंस कित्याक?"

"झोपूक," मी म्हणाले.

मी चपला काढल्या. "काल दिवसभर झोपलंय. मैत्रिणीच्या आत्याने चिंबोऱ्यांचो रस्सो दिल्यान. आता बरां वाटता." पुढचं बोलायचं असं मी जिन्यातच ठरवलं होतं. "होळीनंतर परत बोलवल्यानी हा. मी जातलंय."

हे ताईकडे बघून म्हणाले, "तुम्ही जशी नेतंय म्हणालात, तशी आणलात नाय."

"नाही आणली," ताई म्हणाली. "खरंय, भावोजी."

सासूबाई काहीतरी पुटपुटत चहा ठेवायला आत गेल्या. मी त्यांच्या मागे गेले नाही. दाराजवळच्या खुर्चीत बसले आणि ताईला म्हणाले, "बसा. चहा घेऊन जा."