पांढरीचा राखणदार

जित्या माणसांपेक्षा मेलेल्यांच्या संसाराची जास्त काळजी वाहणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघाला.

आमच्या आणि त्याच्या गावाच्या मधे, प्रवरेच्या काठाला एक टेकाड आहे. त्याला पांढरी म्हणतात. कोण्या जमान्यात तिथं वस्ती होती, ती मोडली आणि तिची माती झाली. ती माती पाणी आत झिरपू देत नाही, म्हणून पावसाळ्याआधी जो तो गाडी जुंपून जातो, खणून आणतो आणि घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, पसरतो. आमचे बाप-आजे हेच करत आले. मेहुण्याला मात्र त्या टेकाडाचं वेड. चालताना नजर कायम खाली. संगमनेरच्या बाजारात असाच चालताना एका म्हशीच्या पोटावर जाऊन आदळला, तर म्हशीला नमस्कार करून पुढं गेला. धन्याकडं बघितलंही नाही. धोतराच्या सोग्यात खापरं बांधलेली, तांबडी, वर काळ्या रेघा. लग्नाच्या पंगतीत सोगा सुटायचा आणि लापशीशेजारी खापरं सांडायची. गाव म्हणायचं, पांडवांची भांडी. ह्याला राग यायचा. "पांडव कशाला हितं दाणं भाजत बसतील? कुणबी हुते, आपल्यावानी. ही बघा चूल, ही कणगी, ह्यो जळका गहू." त्यांना तो 'आपली माणसं' म्हणायचा. आपल्या माणसांकडं लोखंड नव्हतं, गारगोटीच्या पात्यांनी कापणी करायची, म्हणून भर सुगीत ह्याला त्यांची कीव यायची आणि स्वतःचं शेत उभंच राहायचं. त्याची बायको, आमची वहिनी, म्हणायची, "मग त्यास्नीच सांगा सांजची भाकर थापाया." चुकायचाही झोकात. एकदा एक खापर उराशी धरून आमच्याकडं आला, लई जुनं म्हणून. माझ्या बायकोनं उलटंपालटं करून बघितलं. "दादा, हे माझं कालवणाचं गाडगं. गेल्या शिमग्याला मीच उकिरड्यावर फेकलं." तो म्हणाला, "असू दे. हुईल जुनं."

लोक मातीला आले की हा टेकाडावर आडवा पडायचा. लोक त्याला उचलून बाजूला ठेवायचे, गाडी भरायचे आणि जाताना परत जागेवर ठेवायचे.

लढाई चालू होती त्या साली माझी बायको हिवतापानं अंथरुणाला खिळली. लढाईपायी क्विनीन मिळेना. धाबं आदल्या पावसातच गळलं होतं आणि मृग तोंडावर आला होता. मी सरळ त्याच्या दारात गेलो. म्हटलं, "तुमची बहीण वल्यात पडून मरंल. मला माती पायजे, आन तुमी आडवं पडलात तर तुमच्यावरनं गाडी नेईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच कुदळ घेऊन पांढरीवर गेला. चांगली माती त्याला ठाऊक होती. हातभर खणल्यावर जुन्या घराची चोपलेली भुई लागली, आणि भुईखाली दोन मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी निजवलेली. मातीला आलेले गाडीवाले धावले, "धन! धन!" ह्यानं एक मडकं हलवलं. आत तान्ह्या लेकराची हाडं होती. गाडीवाले होते तिथंच थांबले. ह्यानं डोईचा पटका सोडला, वर पांघरला आणि तसाच बोडका माझ्या घरी येऊन बहिणीच्या पायथ्याशी बसला.

आमचं पहिलं पोर असंच तान्हं गेलं होतं. ओढ्याच्या काठाला पुरलं, आणि पुराबरोबर ती जागाही गेली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "घरात ठिवलंतं व्हय त्याच्या आईनं? लांब न्हाई नेलं?"

"घरात. चुलीपाशी."

"बरं केलं बाई तिनं." मग म्हणाली, "दादा, बुजवून टाक. तिथली माती माझ्या डोक्यावर नगं."

"आगं, पाऊस आला."

"येऊ दे."

मी दोघांनाही शिव्या दिल्या. मेहुणा उठून गेला. दोन दिवस फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी दारात गाडी उभी, मातीनं भरलेली. मी म्हटलं, शेवटी खणलीच पांढरी. पण गाडीमागून वहिनी चालत आली, टोपली घेऊन, आणि त्या बाईच्या तोंडून उभ्या जन्मात पहिल्यांदा एक शब्द निघाला नाही. ह्यानं स्वतःच्या घराचं धाबं उतरवून आणलं होतं. तो पावसाळा नवरा-बायकोनं गोठ्यात, बैलांशेजारी काढला.

पहिला जोराचा पाऊस झाला तेव्हा ती आढ्याकडं बघत पडली होती. म्हणाली, "वास येतोय." मी म्हटलं, कसला? "आमच्या घरचा. आई चूल पेटवायची तसला." वर्षानुवर्षं माहेरचा धूर खाल्लेली माती ती. बायको श्रावणात गेली. कोरड्या अंथरुणात गेली.

शेजारी म्हणतात, माती जुनी झाली, बदला. मेहुणा येतो, ओट्यावर बसतो, आम्ही दोघं तंबाखू मळतो. पाऊस लागला की मी आत जातो आणि ती निजायची तिथं भुईवर हात ठेवून बघतो. अजून कोरडं आहे.