खालची रेघ

आमच्या वरच्या मजल्यावर रेडिओ दुरुस्त करणारे राहत. सगळी गल्ली त्यांना रेघोबा म्हणे, कारण बोलतानाही त्यांची नजर ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेच्या लाटा दाखवणाऱ्या यंत्राच्या, हिरव्या पडद्यावरच्या दोन रेघांवर असे. वरची रेघ त्यांची, खालची त्यांच्या बायकोची, म्हणजे वहिनींची. तशी वाटणीच होती. दोघं एकेका तारेच्या टोकाला बोट लावत. घरातल्या विजेची गुणगुण अंगातून यंत्रात शिरे आणि रेघेची लाट होई.

"बघा, माझी लाट मोठी," वहिनी म्हणत.

"आवाजही तुझाच मोठा."

वहिनी गेल्यानंतर रेघोबांनी पहिल्यांदाच यंत्र लावलं, तर खालची रेघ सपाट. बोट लावलं तरी ढिम्म हलेना.

लेक त्यांना कायमचं आपल्या घरी न्यायला आली होती. "बाबा, बंद पडलेलं धूड कुठे ठेवू मी? चालू झालं तर नेऊ."

"होईल की. न व्हायला काय झालं?"

त्यांनी तारांची अदलाबदल केली. वरची रेघ दोन्ही तारांवर नाचली, खालची एकीवरही नाही. म्हणजे दोष आतच. मग मागचं झाकण काढून दोन्ही बाजूंच्या काचेच्या नळ्या एकमेकींच्या जागी बसवल्या, तारांच्या जोडांचे डाक तपासले. सगळं ठणठणीत. मी चहा घेऊन गेलो की तो निवून जाई. लेक सामान बांधत होती आणि यंत्राला वळसा घालून जात होती.

शेवटी पुढची पट्टी काढायची म्हणून त्यांनी बटणांचे बारीक स्क्रू सैल केले. खालच्या रेघेचं एक बटण हातात आलं आणि ते थबकले. बटणावरची खूण 'चालू'कडे होती, पण आतल्या दांड्याची खाच मधल्या जागेकडे. तिथे विजेची आत जायची वाट बंद असते. रेघ सपाटच राहते. बटणच एक घर चुकून बसलं होतं.

"काखेत कळसा, बाबा!" लेक हसली.

रेघोबा हसले नाहीत. बटणं काढून साबणाच्या पाण्यात धुण्याचं काम वहिनींचं. परत बसवली की बोट लावून लाट पाहायची, मगच पदराला हात पुसायचे. इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नाही.

"शेवटची धुतली तेव्हा तिनं बोट लावून पाहिलंच नाही गं," ते म्हणाले. "त्याच सुमाराला मीठ दोनदा घालायची. मी म्हणायचो, प्रेम उतू चाललंय. तेव्हाच सुरू झालं होतं तिचं विसरणं. डॉक्टरांनी सांगायच्या किती आधी! आणि मी समोर बसून माझीच रेघ बघत होतो."

लेकीनं दांडा एक घर फिरवला, तारेचं टोक चिमटीत धरलं. खालच्या रेघेवर लाट उठली.

"आईएवढी नाही," ती म्हणाली.

"नाही," रेघोबा म्हणाले.

तिनं बटण उचलून खूण सरळ लावायला घेतली. त्यांनी तिचा हात धरला. बटण वहिनींनी बसवलं होतं तसंच, एक घर चुकीचं बसवलं आणि स्क्रू आवळला.

"अहो बाबा, खूण चुकीची दिसेल."

"दिसू दे. कुठे वळवायचं ते मला ठाऊक आहे."

गाडीत यंत्र पुढच्या सीटवर, वहिनी बसत त्या जागी ठेवलं. रेघोबा मागे बसले.