झोळीतला वरवंटा

घरात एकाची कंबर धरली की बाकीच्यांनी सल्ले ऐकायचे, अशी आपल्याकडे रीत आहे. माझ्या नवऱ्याची कंबर दोन वर्षांपूर्वी धरली आणि मित्रांबरोबरची सातपुड्यातली भटकंती बंद पडली. चालायला डॉक्टरांची ना नव्हती, पण एक रात्र जमिनीवर झोपलं की सकाळी उठवत नसे. घरच्या गादीवरही तो पहाटेच उठून पाय खाली सोडून बसलेला असायचा. या थंडीत मित्र तोरणमाळला निघाले, तेव्हा त्याने ठरवलं, झाडाला झोळी बांधून झोपायचं. जमलं तर जायचं, नाही तर सॅक भाच्याला देऊन टाकायची. हे तो इतक्या सहज म्हणाला, की मलाच भरून आलं.

आधी विकतच्या दोन आणल्या. पहिली पॅराशूटच्या कापडाची, घडी केली की मुठीत मावेल एवढी. तिच्यात शिरला की नवरा केळ्यासारखा वाकायचा. दुसरीच्या दोन्ही टोकांना लाकडी दांडे होते. दिसायला ऐसपैस पलंग, पण स्वभावाने कपटी. कूस बदलली की सरळ अंगणात ओतून द्यायची. तो पडायचा, हसायचा, कंबर चोळून पुन्हा चढायचा. मी असते तर ती झोळी बंबात घातली असती. त्याच्या चिकाटीचं मला आजही कौतुक वाटतं.

मग घरगुती प्रयोग सुरू झाले. सतरंजीची झोळी टोचली, चादरीची फाटली. शेवटी सासूबाईंनी आपलं जुनं सुती लुगडं काढून दिलं. त्या अमळनेरजवळच्या खेड्यातून आमच्याकडे धुळ्याला आलेल्या. वापरून वापरून ते लुगडं इतकं मऊ झालं होतं, की त्यावर हात फिरवत राहावंसं वाटे. नवऱ्याने त्याची दुहेरी घडी घातली, टोकांना चुण्या घालून दोर आवळला, निंब आणि फाटकाचा खांब यांच्यामध्ये झोळी सैल बांधली आणि झोका कसा बसतो ते बघायला रिकामीच ढकलली.

"रिकामी झोळी हालाडू नही," म्हणत सासूबाई उठल्या आणि स्वयंपाकघरातून वरवंटा आणून झोळीत मधोमध ठेवला. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात ठेवतात, तसा.

"माय, मी काय तान्हं पोर शे का?" नवरा म्हणाला.

"मंग कोन शे? उठता-बठता मालेच त हाका मारस."

वरवंटा बाहेर काढायची त्याची काही छाती झाली नाही. त्याला चुकवत तो चढला आणि डोकं एका काठाला, पाय समोरच्या काठाला, असा तिरपा पसरला. तिरपं झोपल्यावर कापड सगळीकडून ताणलं गेलं होतं आणि पाठ सपाट टेकली होती. सासूबाईंनी हळूच वरवंटा काढून घेतला, तरी तो हलला नाही. अंगणातच त्याचा डोळा लागला. विकतच्या झोळ्यांनी जे दिलं नाही, ते त्या लुगड्याने दिलं.

तो तोरणमाळला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं चांगली वर आल्यावर मी फोन केला. मित्राने उचलला.

"वहिनी, आमचा दोनदा चहा झाला. भाऊ अजून झोपलेच आहेत. हाक मारू का?"

मी घाईने म्हटलं, "नको, झोपू द्या."