दहा लाख बावीस हजार एकशे सतरा

गिअरवाले निवृत्त झाले, पण त्यांची खोड काही निवृत्त झाली नाही. दिसेल तो आकडा फोडायचा. गाडीची पाटी असो की जावयाचा फोन नंबर, कशाने भाग जातो ते कळल्याशिवाय घास घशाखाली उतरत नसे. खोड कारखान्यातली. चाकाला जितके दाते कापायचे, तो आकडा आधी फोडूनच यंत्र लावावं लागे. कशानेच न फुटणारा आकडा आला की बाकीचे कपाळाला हात लावत, यांची मात्र कळी खुले. असं चाक समोरच्या चाकाच्या प्रत्येक दात्याला पाळीपाळीने भिडतं, झीज सारखी होते, चाक टिकतं. हे त्यांनी बायकोला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी समजावलं होतं. ती बिचारी भलत्याच बोलण्याची वाट पाहत होती.

आता तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. रुग्णालयाने मनगटावर पट्टी बांधली: १०२२११७. जन्मभर या खोडीला नाकं मुरडणाऱ्या बाईने मनगट पुढे केलं.

"अहो, हा फुटतो का बघा."

"तुला कधीपासून नाद लागला?"

"बघा म्हटलं ना. भीती वाटतेय मला."

त्यांनी पेन्सिल काढली. हजाराच्या आतले न फुटणारे आकडे त्यांना तोंडपाठ. तीनाने बघ, साताने बघ, करत दुपारपर्यंत नऊशे सत्त्याण्णववर आले. दर वेळी बाकी उरलीच.

"नाही फुटत," ते म्हणाले. "टिकणार."

स्ट्रेचर आलं तेव्हा ती चक्क हसत आत गेली.

बाहेरच्या बाकावर चहाचा पहिला घोट घेताना गिअरवाल्यांना दरदरून घाम आला. हजार गुणिले हजार दहा लाख, म्हणून हजारापर्यंत पाहून भागतं ते दहा लाखांपर्यंतच्या आकड्याला. हा तर बावीस हजारांनी वर होता! एवढ्या दात्यांचं चाक कोणी कापत नाही, म्हणून सवयीने ते हजारावर थांबले होते. बघायचा राहिला होता एकच, एक हजार नऊ. त्यांनी भागलं. एक हजार तेरा वेळा गेला, बाकी शून्य. पुन्हा भागलं. पुन्हा शून्य.

पट्टीवरच्या आकड्याचा आणि झडपेचा काडीचाही संबंध नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते रडले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "आत कोण आहे?"

"बायको. आणि मी तिला चुकीचं सांगितलंय."

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी त्यांना आत सोडलं, तेव्हा ती खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "बघा, टिकला तुमचा आकडा."

"टिकणारच. फुटतच नाही तो," म्हणत त्यांनी तिचा हात धरला. नर्ससमोर. उभ्या संसारात चारचौघांत कधी धरला नव्हता.

तिने हाताकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"कितीने फुटला?"

"एक हजार नऊने."

"बरंच लांब जावं लागलं की," ती म्हणाली, आणि हात काही सोडला नाही.